रेस हरल्यानंतरची घाई

हौशी मोटरसायकल रेसिंगमध्ये निराशा हा नियम आणि आनंद हा अपवाद. ग्रिडवर तीस बाइक उभ्या राहतात, कप तिघांना मिळतात. बाकीचे सत्तावीस जण संध्याकाळी बाइक व्हॅनमध्ये चढवतात, पट्ट्यांनी आवळून बांधतात आणि सोमवारी सकाळी लोकलमध्ये उभे राहून ऑफिस गाठतात. मी या सत्तावीस जणांपैकी. मूळचा कोल्हापूरचा, नोकरीमुळे योकोहामाजवळ स्थिरावलेला, २५० सीसीच्या गटात त्सुकुबा सर्किटवर उतरणारा.

त्सुकुबा म्हणजे इबाराकी प्रांतात शिमोत्सुमाला असलेला, १९७० साली सुरू झालेला सुमारे दोन किलोमीटरचा ट्रॅक. सुझुका किंवा मोतेगीसारखा तो जगभरच्या टीव्हीवर दिसत नाही, पण टोकियोच्या आसपासच्या कितीतरी हौशी रेसरांची सुरुवात इथेच होते. इथे उतरायला एमएफजेचं, म्हणजे १९६१ साली स्थापन झालेल्या जपानच्या मोटरसायकल महासंघाचं लायसन्स लागतं. शिवाय टायर, प्रवेश शुल्क, भाड्याची व्हॅन, बाइक ठेवायला भाड्याचा कंटेनर आणि ऑफिसातून सुट्टी. एवढं सगळं जमवून वर्षात मोजक्याच रेस वाट्याला येतात. त्यातला एक शनिवार-रविवार वाया गेला की तो उगाचच फार मोठा दिसू लागतो.

माझा असाच एक गेला. सरावाला पाऊस, पात्रता फेरीत ट्रॅक अर्धा ओला अर्धा कोरडा, आणि रेसच्या पहिल्याच लॅपला माझ्या पुढच्या दोन बाइक एकमेकींत अडकून आडव्या झाल्या. त्यांना चुकवायला मी ट्रॅकबाहेर गेलो. परत आलो तेव्हा माझ्या मागे कुणीच नव्हतं. रेस पूर्ण केली, पण निकालाच्या यादीत नाव शोधायला खालूनच सुरुवात करावी लागली.

अशा वेळी वाईट वाटणारच, आणि वाईट वाटल्यानं फारसं बिघडत नाही. बिघडतं ते घाईनं. लगेच काहीतरी विकत घ्यायचं, लगेच पुढच्या रेसला नाव द्यायचं, लगेच कुणाला तरी दोष द्यायचा, म्हणजे एकदाचा हिशेब चुकता करून टाकायचा. ट्रॅकवर वेग लागतो. ही घाई मात्र कुठेच उपयोगाची नसते. खालचे धडे त्या घाईला आवर घालण्याचे आहेत.

१. परतीच्या रस्त्यावर निर्णय घेऊ नका

दिवसभर लेदर सूटमध्ये घाम गाळून शरीरातलं पाणी कमी झालेलं असतं, जेवणाचं गणित बिघडलेलं असतं आणि अंगातला ताण उतरलेला नसतो. अशा अवस्थेत जोबान एक्सप्रेसवेवर व्हॅन चालवताना मनात तीन वाक्यं हमखास येतात. ही बाइक विकून टाकू. पुढच्या मोसमात गट बदलू. हा खेळ आपला नाहीच. तिन्ही त्या क्षणी शंभर टक्के खरी वाटतात.

माझा नियम सोपा आहे. परतीच्या वाटेवर विषय दोनच, रस्ता आणि जेवण. पहिल्या सर्व्हिस एरियात थांबायचं, पाणी प्यायचं, गरम सोबाचा वाडगा संपवायचा, डोळे जड वाटले तर गाडीतच थोडं झोपायचं. थकलेल्या माणसानं रात्री भरलेली व्हॅन चालवणं हाच त्या दिवसातला सर्वांत मोठा धोका असतो, कारण तिथे ना लेदर सूट असतो ना झेंडे घेऊन उभे असलेले मार्शल. बाइक विकायचीच असेल तर ती बुधवारीही विकता येते.

२. त्याच रात्री लिहा, पण घडलेलंच लिहा

मानसशास्त्रज्ञ डॅनियल कानमन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९३ साली एक प्रयोग प्रसिद्ध केला. लोकांनी एकदा १४ अंशांच्या गार पाण्यात ६० सेकंद हात धरला. दुसऱ्यांदा तेच ६० सेकंद, आणि वर आणखी ३० सेकंद, पण त्या वेळात पाणी जेमतेम एका अंशानं कोमट केलेलं. यातलं पुन्हा काय कराल असं विचारल्यावर बहुतेकांनी लांबलेला त्रास निवडला, कारण त्याचा शेवट जरा बरा होता. आपली आठवण अनुभवाची लांबी मोजत नाही. सर्वांत तीव्र क्षण आणि शेवट एवढंच धरून ठेवते.

रेसच्या शनिवार-रविवारचं हेच होतं. शेवट वाईट झाला की सगळे तास वाईट ठरतात. म्हणून झोपण्यापूर्वी वहीत घटना उतरवायच्या: टायरमधली हवा गार असताना किती, गरम झाल्यावर किती, ट्रॅक कधी ओला, कधी कोरडा, कोणत्या वळणाला कोणता गिअर, ब्रेक कुठल्या खुणेपाशी धरला, लॅपच्या वेळा. ‘घाणेरडी चालवली’ असं वाक्य वहीत येऊ द्यायचं नाही. ते मत झालं, आणि मत सकाळपर्यंत थांबू शकतं. माझ्या त्या दिवसाच्या पानावर अर्ध्या ओल्या ट्रॅकवरचा एक लॅप नोंदवलेला आहे, त्यात दुसऱ्या हेअरपिनमधून मी पूर्वी कधी नव्हे इतका लवकर थ्रॉटल उघडला होता. लिहून ठेवलं नसतं तर निकालाच्या यादीखाली ते कायमचं गाडलं गेलं असतं.

३. नशिबाचा वाटा नशिबाच्या खात्यावर टाका

जपानमध्ये रेसिंगच्या निराशेचा विषय निघाला की जुने लोक १९८५ ची सुझुका आठ तास शर्यत काढतात. यामाहानं त्या वर्षी तीन वेळचा विश्वविजेता केनी रॉबर्ट्स आणि जपानचा ५०० सीसी विजेता ताइरा तादाहिको अशी जोडी उतरवली. सुरुवातीलाच बाइक रुसली आणि ते जवळजवळ सर्वांच्या मागे पडले. तिथून एकेकाला गाठत दोघांनी आघाडी घेतली. शर्यत संपायला साधारण अर्धा तास उरला असताना इंजिननं दगा दिला. ताइरानं बाइक हळूहळू आणून मुख्य सरळ रस्त्यावर पिटच्या भिंतीशी उभी केली. साडेसात तासांची मेहनत सगळ्या स्टँडसमोर थांबली.

पुढच्या वर्षीही ताइराचा विजय हुकला. १९८७ मध्ये त्याच्या संघानं शर्यत जिंकली, पण ताइरा जखमी असल्यानं बाइकवर मार्टिन विमर आणि केव्हिन मगी होते. अखेर १९९० मध्ये एडी लॉसनच्या जोडीनं ताइरानं सुझुका जिंकली. मधल्या वर्षांत त्यानं इंजिनचा पराभव स्वतःच्या नावावर लिहून घेतला असता, तर १९९० पर्यंत तो पोचलाच नसता असं मला वाटतं.

वाईट शनिवार-रविवारचे तीन वाटे करायचे: माझ्या हातातलं, बाइकचं, इतरांचं. पुढचे दोघे पडले ते तिसऱ्या वाट्यात. त्यावर करण्यासारखं काही नाही, म्हणून त्यावर विचारही करायचा नाही. त्यानंतरचे सगळे लॅप मात्र पहिल्या वाट्यात. हे उलटही लागू आहे: पुढचे पडल्यामुळे कप मिळाला, तर तोही पूर्ण आपल्या खात्यावर मांडायचा नाही.

४. निकालाच्या यादीत पूर्ण रेस मावत नाही

१९९४ च्या जपान ग्रां प्रीला सुझुकात नोरिफुमी आबे नावाचा १८ वर्षांचा मुलगा वाइल्ड कार्डवर उतरला. केव्हिन श्वांट्झ आणि मिक डूहान या जगातल्या अव्वल रेसरांशी तो लॅपमागून लॅप खांद्याला खांदा लावून लढला, आणि तीन लॅप उरले असताना पहिल्या वळणावर पडला. यादीत त्याच्या नावापुढे रेस अपूर्ण असल्याचीच नोंद आहे. पण ती रेस पाहून इटलीतला एक पोरगा त्याचा एवढा चाहता झाला की स्वतःला ‘रॉसीफुमी’ म्हणवून घेऊ लागला. तो पोरगा म्हणजे व्हॅलेंटिनो रॉसी. आणि आबेनं दोनच वर्षांनी, १९९६ मध्ये, त्याच सुझुकात ग्रां प्री जिंकली.

आपण आबे नाही. पण हौशी माणसाची खरी रेस नेहमीच त्याच्या आजूबाजूच्या दोघा-तिघांशी असते. मी शेवटून वर येताना एका निळ्या बाइकशी बरेच लॅप झुंजलो. ती मला ब्रेकवर गाठायची, मी तिला वळणातून बाहेर पडताना. रेसनंतर तो रेसर पिटमध्ये आला, वाकून नमस्कार केला, आणि आम्ही दोघं हातांनी हवेत वळणं काढत ती झुंज पुन्हा खेळलो. कितव्या क्रमांकासाठी लढत होतो हे दोघांच्याही लक्षात आलं नाही.

५. सेकंद फोडून बघा

‘दीड सेकंदानं हळू’ असं म्हटलं की डोंगर वाटतो. आमच्या गटातली बाइक त्सुकुबाचा लॅप साधारण ६५ सेकंदांत काढते असं धरलं, तर सरासरी एका सेकंदात तीस मीटरहून थोडं जास्त अंतर जातं. म्हणजे दीड सेकंद हे लॅपमागे जवळपास पन्नास मीटर. आकडा भीतीदायकच, पण तो एका जागी हरवलेला नसतो.

बाइकवरच्या कॅमेऱ्याचं चित्रण आणि लॉगरची नोंद घेऊन बसलं की बहुतेकदा दिसतं की बरीच वळणं ठीक होती आणि वेळ दोनच ठिकाणी गळत होता. एखाद्या वळणात ब्रेक जरा जास्त धरून ठेवलेला, आणि दुसऱ्या हेअरपिनमधून बाहेर पडताना थ्रॉटल उशिरा उघडलेला. हा दुसरा दोष महाग पडतो, कारण हेअरपिननंतर मागचा सरळ रस्ता आहे. वळणातून बाहेर पडताना जो वेग कमी असतो तो त्या अख्ख्या सरळ रस्त्यावर कमीच राहतो. म्हणजे दीड सेकंदाचा डोंगर एका उजव्या मनगटापाशी येऊन थांबतो, आणि मनगटाचा सराव करता येतो.

६. पुढच्या सरावाला एकच काम न्या, आणि ते ‘की’ लावून सांगा

‘या वेळी नीट चालवायची’ हे काम नव्हे, ती इच्छा झाली. पीटर गोलविट्झर या मानसशास्त्रज्ञानं १९९९ साली मांडलेली एक गोष्ट मला पिटमध्ये फार उपयोगी पडली: हेतू प्रसंगाशी बांधला की तो पाळला जाण्याची शक्यता वाढते. अमुक झालं, की तमुक करायचं. माझं वाक्य होतं: दुसऱ्या हेअरपिनमध्ये गुडघा खाली गेला, की नजर बाहेर पडण्याच्या टोकाला. बस्स. बाकी लॅप कसाही जावो.

यामागे आणखी एक कारण आहे. बाइक नजर जाते तिकडे जाते, हे प्रत्येक रेसर जाणतो. जिथे एकदा अपघात पाहिला, त्या जागेकडे पुढच्या वेळी नजर आपोआप खेचली जाते, आणि नजरेमागून बाइक. ‘तिकडे बघू नको’ असं स्वतःला बजावून काही होत नाही. बजावताना आपण तिकडेच बघत असतो. नजरेला दुसरी नेमकी जागा द्यावी लागते. डनलॉप वळणानंतर फक्त दुचाकींसाठी ठेवलेला एशिया कॉर्नर येतो. तिथे मी कडेच्या रंगीत पट्टीचं शेवटचं टोक धरलं आहे. मन काहीही म्हणो, डोळ्यांना कामाला लावलं की मन निमूट मागे येतं.

७. निराशा पैशानं भरून काढू नका

सोमवारी रात्री ऑनलाइन लिलावात सायलेन्सर आणि शॉक अब्सॉर्बर बघत बसणं हा आम्हा सर्वांचा आजार. पण आमचा गट रस्त्यावर विकल्या जाणाऱ्या बाइकचा आहे. इंजिनात फारसं काही करायला नियमच मोकळीक देत नाहीत. घेतलेल्या वस्तूनं आठवडाभर बरं वाटतं, घड्याळ मात्र दाद देत नाही.

एक फरक मात्र पाळायचा. सुरक्षिततेचा खर्च ताबडतोब, वेगाचा खर्च पुढच्या महिन्यात. ब्रेक पॅड झिजले असतील तर आजच. पडताना डोकं आपटलं असेल तर हेल्मेट वरून कितीही चकचकीत दिसो, ते बदलायचंच. आतला थर्माकोलचा थर एकदाच दबतो, पुन्हा फुगत नाही. आणि डोकं दुखतंय, मळमळतंय, नीट सुचत नाही असं वाटलं तर आधी डॉक्टर. तिथे घाई केलेलीच बरी.

८. मोठ्या बाइकवरून लहान बाइकवर या

जपानच्या रेसिंगची मुळं लहान बाइकमध्ये आहेत. २००१ चा २५० सीसी विश्वविजेता काटो दाइजिरो लहानपणी पॉकेट बाइकवरच घडला. २००३ मध्ये सुझुकात झालेल्या अपघातानंतर तो गेला, आणि पुढच्या वर्षीपासून जपान ग्रां प्री मोतेगीला हलली. पण त्याच्या नावाच्या छोट्या बाइकवर आणि त्याच्या नावाच्या स्पर्धेत पोरं रेस करत आली.

वाईट रेसनंतर मी कार्ट ट्रॅकवर भाड्याची मिनी बाइक घेतो. वळणं पुष्कळ, वेग कमी, पडलं तरी सहसा खरचटण्यावर भागतं. भाड्याच्या बाइकवर संघ करून धावायच्या ‘रेनताई’ नावाच्या शर्यती जपानभर होतात. त्या भरवणारे आओकी ताकुमा १९९७ मध्ये ५०० सीसी विश्वमालिकेत पाचवे आले होते. १९९८ च्या सुरुवातीला चाचणीतल्या अपघातात त्यांच्या पायातली शक्ती गेली. २०१९ मध्ये सुझुकात, दोन्ही भावांच्या मदतीनं, ते प्रेक्षकांसमोर पुन्हा बाइकवर बसले. २०२१ मध्ये ल मान्स २४ तास शर्यतीत हातांनी चालवण्याची सोय असलेली कार चालवून ती पूर्ण केली. अशा माणसानं भरवलेल्या शर्यतीत, मित्रांबरोबर आळीपाळीनं छोटी बाइक पळवताना, त्सुकुबातला आपला क्रमांक आपोआप त्याच्या खऱ्या मापाचा होतो.

९. रोजचा व्यायाम वाढवू नका, कमीही करू नका

हरल्याच्या रागात दुप्पट धावायला जाणं आणि हरल्याच्या कंटाळ्यात पंधरा दिवस न उठणं, दोन्ही एकाच घाईची रूपं. कोल्हापुरात खासबागेत चितपट झालेला पैलवान दुसऱ्या पहाटे तालमीत येतो तेव्हा वस्ताद त्याला जोर-बैठका वाढवूनही देत नाही आणि माफही करत नाही. नेहमीची मेहनत, नेहमीचा खुराक. डावाचं बोलणं नंतर, अंग मोकळं झाल्यावर. मी धावण्याचं अंतर आणि पोटाचे व्यायाम याच हिशेबानं ठेवले आहेत.

१०. कोण काय विचारतं ते ऐका

ऑफिसातले सहकारी विचारतात, कितवा आलास? पिटमधले साठी ओलांडलेले मेकॅनिक विचारतात, पुढच्या टायरला काय जाणवलं? आणि आई फोनवर विचारते, ‘व्हय रं, कुठं लागलं न्हाई न्हवं?’ पहिल्या प्रश्नाचं उत्तर हसून द्यायचं. दुसऱ्याचं वहीत बघून. तिसऱ्याचं मात्र खरं द्यायचं, कारण या खेळात निकाल लावायचा पहिला निकष तोच आहे.

११. नाव देण्यापूर्वी तीन प्रश्न

पुढच्या रेसचा फॉर्म भरण्यापूर्वी मी स्वतःला विचारतो. शरीर पूर्ण बरं आहे का? बाइक तपासून झाली आहे का? मी तिथे चालवायला जातोय, की काही वसूल करायला?

पहिल्या दोन प्रश्नांची उत्तरं डॉक्टर आणि मेकॅनिक देऊ शकतात. तिसऱ्याचं फक्त मीच देऊ शकतो, आणि त्यात स्वतःला फसवणं सर्वांत सोपं असतं. म्हणून मी एक कसोटी ठेवली आहे: पुढच्या रेसला माझं एकमेव काम काय, हे मला एका वाक्यात सांगता आलं पाहिजे, आणि त्या वाक्यात मागच्या रेसचा उल्लेख नसला पाहिजे. ‘हेअरपिनमधून लवकर थ्रॉटल’ चालतं. ‘या वेळी दाखवून देतो’ चालत नाही. दुसरं उत्तर आलं तर मी तो फॉर्म सोडून देतो. त्सुकुबाला मोसमात पुन्हा रेस होतात, आणि वसुलीला निघालेल्या माणसापेक्षा एक महिना उशिरा आलेला माणूस तिथे जास्त वेगानं चालवतो.